रिलीव्हर आला का?

१, ६, ११, १६, २१, २६... असा आकड्यांचा रकाना असलेला कागद पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात कुणी पहिल्यांदा पाहिला, तर त्याला तो लॉटरीचा निकाल वाटेल. प्रत्यक्षात ते वेळापत्रक असतं. भिलाईच्या जुन्या कोक ओव्हन बॅटरीत ६५ उभ्या, अरुंद भट्ट्या एकीला एक चिकटून असतात. वरून कोळसा भरायचा, हवा लागू न देता सोळा-अठरा तास हजार अंशांवर भाजायचा आणि एका बाजूनं ढकलून दुसऱ्या बाजूनं लालबुंद कोक बाहेर काढायचा. शेजारच्या दोन भट्ट्या लागोपाठ रिकाम्या केल्या तर मधल्या भिंतीला आधार उरत नाही, उष्णताही एकाच जागी ओढली जाते. म्हणून पाच-पाच घरं पुढे जायचं. एक फेरी संपली की १वर परत न येता ३, ८, १३ अशी पुढची फेरी धरायची. प्रत्येक आकड्यासमोर घड्याळाची वेळ. ती किती पाळली गेली हे मोजायला सोव्हिएत तंत्रज्ञांकडून आलेले गुणांकही आहेत.

या कागदाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तो कुणा एकाचा नसतो. कोक ढकलणारं पुशर यंत्र भट्टीच्या एका बाजूला, कोक झेलणारी क्वेंचिंग कार दुसऱ्या बाजूला. पुशरवर बसलेल्या माणसाला पलीकडचं काही दिसत नाही. पलीकडची गाडी नेमक्या त्याच भट्टीसमोर उभी आहे, याचा इशारा आल्याशिवाय त्यानं हात चालवायचा नाही. आणि पाळी संपली म्हणून वेळापत्रक थांबत नाही. त्या बॅटरीची सिलिका वीट एकदा तापली की थंड होऊ द्यायची नसते. थंड झाली तर तडकते. ब्लास्ट फर्नेसचंही तसंच. एकदा पेटली की पुढची कित्येक वर्षं ती धगधगतच राहते. मधल्या काळात माणसं बढतीवर जातात, निवृत्त होतात, मुलांची लग्नं उरकतात. भट्टीवरचं लक्ष मात्र तुटून चालत नाही. एका माणसाचं लक्ष आठ तासांपलीकडे टिकत नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या हवाली करायची सोय कागदावर करावी लागते.

लक्ष केंद्रित कसं करावं यावर हल्ली बरंच लिहिलं जातं. पंचवीस मिनिटांचा गजर, रंगीत चौकोनांची वही, फोन बंद ठेवणारं ॲप, पहाटे पाचला उठणाऱ्या यशस्वी माणसांची दिनचर्या. या सगळ्यात एक माणूस एकटा बसलेला असतो. भिलाईकडे पाहताना माझं मत असं झालं, की या सल्ल्यांमधून एक माणूस गळून पडला आहे. तो माणूस म्हणजे आपलं काम पुढे घेणारा. भिलाईत त्याला ‘रिलीव्हर’ म्हणतात. ड्यूटी संपत आलेल्या माणसाच्या तोंडी तिथे एकच प्रश्न असतो: रिलीव्हर आला का?

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झाला. त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती, त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे आता महाराष्ट्रातही फारसं कुणाच्या लक्षात नाही. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर आणि विदर्भ एकीकडे गेले, दुर्ग जिल्हा दुसरीकडे. २०००मध्ये त्याच तारखेला छत्तीसगढ झालं. त्यामुळे दुर्ग, रायपूर, राजनांदगाव पट्ट्यातला मराठी माणूस परगावी जाऊन राहिलेला नाही. भोसल्यांच्या काळापासून तो तिथलाच आहे, आणि कारखाना उभा राहिल्यावर विदर्भातून हावडा मार्गाच्या गाडीनं आणखी माणसं त्यात मिसळली. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं आणि गावाचं घड्याळ बदललं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

या घड्याळाचा घरातला कागद म्हणजे कॅलेंडर. जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ १९७३मध्ये काढलं. तिथी, सण आणि पाककृती यांच्यासाठी ते घेतलं जातं हे खरं, पण मराठी स्वयंपाकघरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी कामाची वहीसुद्धा तेच आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, बाईंची सुट्टी, विजेचं बिल. पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी त्या चौकोनांत आणखी एक नोंद चढते: फर्स्ट, सेकंड, नाइट. लक्ष्मीपूजनाला ‘सेकंड’ असेल तर पूजा किती वाजता, गणपतीत ‘नाइट’ असेल तर दुपारच्या आरतीला आवाज किती, हे ठरतं ते त्या एका शब्दावर. सकाळी आठला शाळेत निघालेल्या मुलांनी दार हळू लावायचं, कारण आतल्या खोलीत माणूस नुकता झोपलेला असतो. फोनमधलं कॅलेंडर हे काम करू शकत नाही असं नाही. पण ते ज्याच्या खिशात असतं त्यालाच दिसतं. भिंतीवरचं आजीलाही दिसतं.

आता गंमत अशी, की फोनमधली ही सारी साधनं ज्या घराण्यातून आली, ते घराणं पोलादाचंच आहे. कॅरोल ॲडामिएत्स्की हा पोलिश अभियंता रोलिंग मिलमध्ये काम करायचा. कुठलं काम कुणाच्या आधी, कुणासाठी कोण खोळंबलंय, हे एका नजरेत दिसावं म्हणून त्यानं १८९६मध्ये कागदाच्या पट्ट्यांचा तक्ता बनवला आणि त्याला नाव दिलं ‘हार्मोनोग्राम’. त्याच धर्तीचा तक्ता पुढे हेन्री गँटच्या नावानं जगभर गेला. तो गँटही अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलरबरोबर काम केलेला. आज कुठल्याही कार्यालयात प्रोजेक्टच्या पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या रंगीत पट्ट्या त्या वंशातल्या. माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी, कारणं शोधायची आकृती काओरू इशिकावांनी पहिल्यांदा वापरली ती कावासाकीच्या पोलाद कारखान्यातल्या अभियंत्यांना समजावताना, १९४३मध्ये. क्वालिटी सर्कलची चळवळ भारतात आली तेव्हा ती आकृती आपल्या कारखान्यांच्या फळ्यांवरही चढली. आणि ‘उद्याची सहा कामं आज रात्री लिहून ठेवा’ हा सल्ला? तोही बेथलेहेमचाच. आयव्ही ली नावाच्या सल्लागारानं तो कंपनीच्या प्रमुखाला दिला आणि बदल्यात २५ हजार डॉलर्सचा चेक मिळवला, अशी गोष्ट सांगतात. खरी की रचलेली, याची खात्री कुणी देत नाही. कामाच्या याद्या विकणाऱ्यांना ती सोयीची आहे एवढं नक्की.

या घराण्याला काळी बाजूही आहे. टेलरनं १९११च्या आपल्या पुस्तकात अभिमानानं सांगितलं, की दिवसाला साडेबारा टन बीड उचलणाऱ्या मजुराकडून त्यानं साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतलं आणि रोजंदारी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीच्या थोडा वर. स्टॉपवॉच कुणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं. हा हिशेब भिलाईला परका नाही. कोक ओव्हनमध्येच नोकरी केलेल्या शंकर गुहा नियोगींनी पुढे दल्ली-राजहराच्या लोहखाणीत ठेकेदारी मजुरांची संघटना बांधली, आणि पूर्ण यंत्रं आणून हजारोंना घरी बसवण्याऐवजी अर्धं यांत्रिकीकरण करा, असा पर्याय मांडला. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत त्यांची हत्या झाली. काम करून घेण्याच्या साधनांविषयी लिहिताना या नावाला वळसा घालून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

पण मुद्दा गळून पडलेल्या माणसाचा होता. हार्मोनोग्राममध्ये तो होता. कुणासाठी कोण खोळंबलंय हाच त्या तक्त्याचा विषय. पोलादाच्या कारखान्यातून कार्यालयात, कार्यालयातून फोनमध्ये येईपर्यंत तक्त्याचे रंग वाढले आणि दुसरा माणूस नाहीसा झाला. कारखान्यात मात्र तो लॉगबुकात अजून टिकून आहे.

लॉगबुक ही दिसायला अगदी सामान्य वस्तू. पुठ्ठ्याची बांधणी, रेघी पानं, कोपऱ्यांना काळे डाग. त्यात भावना नसतात, संकल्प नसतात. कुठला पंप बंद, कुठल्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गळतंय, क्रेन कधी थांबली, कुणाला कळवलं. तिथली चांगली नोंद ओळखायची खूण एकच: ती वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं. ‘ठीक आहे’ ही सर्वांत वाईट नोंद. खाली दोन सह्या, चार्ज देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दुसऱ्या सहीमुळेच त्या वहीला वजन आहे. आपल्या टेबलावरच्या महागड्या डायऱ्या फेब्रुवारीत कोऱ्या राहतात, त्याचं कारण आळस हे नसावं. त्या उघडून वाचणारं दुसरं कुणी नसतं.

ही दुसरी सही चुकली तर काय होतं, हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर ६ जुलै १९८८च्या रात्री दिसलं. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला, जागी झाकणी लावली, आणि पंप चालू करू नये अशा अर्थाचा परवाना लिहून ठेवला. पंपाच्या दुसऱ्या दुरुस्तीचा परवाना वेगळा होता. रात्रपाळीच्या हाती एकच कागद लागला. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी पहिला चालू केला. १६७ माणसं गेली. कागद लिहिलेला होता. तोंडानं सांगायचं राहिलं.

पोलाद कारखान्यात वायू दिसत नाही. ब्लास्ट फर्नेसच्या वायूत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या फॅक्टरी कायद्यानं आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा घातली ती दहा लाखांत ५० भाग. म्हणून वायूच्या पाइपवर हात लावण्याआधी कागदांची एक मिरवणूकच निघते. शटडाउन घेतला का, व्हॉल्व्ह बंद का, मध्ये लोखंडी ब्लँक ठोकली का, नायट्रोजन किंवा वाफेनं पाइप धुतला का, मीटर लावून मोजलं का. प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या विभागाची सही, आणि विजेच्या स्विचवर लटकलेला टॅग: माणसं काम करत आहेत. टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. नव्या माणसाला हे सारं वेळखाऊ वाटतं. वाटणारच. त्याचा वेळ खाणं हेच त्या कागदाचं काम आहे. घाईतल्या माणसाला तो चार ठिकाणी उभा करतो आणि चार माणसांशी बोलायला लावतो.

भिलाईला याची किंमत ठाऊक आहे. १२ जून २०१४ला पंप हाउसमधल्या बिघाडानं पाण्याचा दाब पडला, आणि पाण्यानं अडवून धरलेला वायू उलटा पंप हाउसमध्ये शिरला. सहा जणांचा जीव गेला. त्यात उपमहाव्यवस्थापक हुद्द्याचे दोन अधिकारी होते. ९ ऑक्टोबर २०१८ला कोक ओव्हनच्या ११ क्रमांकाच्या बॅटरीजवळ वायूच्या पाइपवर नियोजित दुरुस्ती चालू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक माणसं मेली. ‘नियोजित’ हा शब्द यातला टोचणारा. अचानक काही झालं नव्हतं, काम ठरलेलं होतं. त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून हटवलं गेलं. दोन्ही घटनांमध्ये कुठल्या कागदाचं काय झालं याचा न्याय करायला मी बसलेलो नाही. मरणाऱ्यांत अधिकारीही होते आणि मजूरही, एवढं मात्र नोंदवायला हवं. वायू हुद्दा पाहत नाही.

मग संगणकाचे पडदे आले. भिलाईची आठव्या क्रमांकाची ब्लास्ट फर्नेस, ‘महामाया’, २ फेब्रुवारी २०१८ रोजी पेटवली गेली. तिचं उपयुक्त आकारमान चार हजार घनमीटरहून जास्त. अशा भट्टीवरचे तापमानाचे, दाबाचे आकडे वहीत उतरवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ते संगणकच पाहतो आणि काही बिघडलं तर अलार्म देतो. सोय मोठी आहे. पण अलार्म किती, हा प्रश्न जगभरच्या कंट्रोल रूमना छळतो. १९९४मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या अकराएक मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. मिनिटाला पंचवीस. त्यातला कामाचा कुठला, हे देवालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून नियंत्रण कक्षांसाठीचा दंडक असा सांगितला जातो, की शांत चाललेल्या कामात एका माणसाला दहा मिनिटांत एखादाच अलार्म यावा. वाचकांनी आपला फोन या मापानं मोजून पाहावा. फॅमिली ग्रुप वगळून मोजला तरी चालेल.

कागद चांगला आणि पडदा वाईट असा निवाडा मला यातून काढायचा नाही. हजेरीचं कार्ड जाऊन बायोमेट्रिक यंत्र आलं, साठ्याची रजिस्टरं जाऊन ईआरपी आलं, ते बहुतेक ठिकाणी बरंच झालं. रजिस्टरात साठा शोधण्यात दुपार घालवलेल्या कुणालाही विचारा. प्रश्न एवढाच विचारायचा, की या साधनात दुसऱ्या माणसाला जागा आहे का.

याचं सर्वांत ठळक उदाहरण एका मराठी घरातून आलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथून निघालेले आत्माराम गवांदे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचा मुलगा अतुल गवांदे सर्जन आणि लेखक. १९३५मध्ये बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं, कारण एक कुलूप काढायचं अनुभवी वैमानिक विसरला, आणि त्यातून वैमानिकांची चेकलिस्ट जन्माला आली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००८मध्ये गवांदेंच्या गटानं शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी बनवली ती याच धड्यावर. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. बहुतेक कलमं अपेक्षित अशीच: रोगी कोण, शस्त्रक्रिया कुठे, ॲलर्जी आहे का. पण एक कलम असं, की सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. बड्या सर्जननं आणि काल लागलेल्या नर्सनंही. नाव सांगून झालं की माणूस पुढे ‘थांबा, स्वॅब मोजले नाहीत’ असं बोलायला धजावतो.

भिलाईला लागून रेल्वेचं मोठं मार्शलिंग यार्ड आहे, इलेक्ट्रिक लोको शेडही आहे. तिथून निघणाऱ्या इंजिनात हीच पद्धत कानांनी चालते. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि सहायक, दोघंही तो मोठ्यानं उच्चारतात. दोघांनाही दिसलेलाच असतो. तरी बोलायचं.

आणि कागद मुळीच नसेल तर? भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई शाळेत गेल्या नाहीत. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं महाभारत त्यांनी जगभर सांगितलं. भिलाईच्या कारखान्यानं त्यांना नोकरी दिली, देशानं २०१९मध्ये पद्मविभूषण दिलं. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य. पण हे महाभारत सांगणं, म्हणजे पंडवानी, एकटीनं होत नाही. बाजूला एक रागी बसतो. तो प्रत्येक ओळीला हुंकार भरतो, मध्येच ‘मग काय झालं?’ विचारतो, सांगणारी थबकली तर धागा हातात देतो. इतकी मोठी कथा अक्षरावाचून तोलायला जे साधन लागलं, तेही एक माणूसच होतं.

भिलाईची मुलं जेईईच्या निकालात चमकतात, असा या शहराचा छत्तीसगढात लौकिक आहे. २०१६मध्ये भिलाईच्या नावानं आयआयटीही सुरू झाली. सेक्टरांमधल्या क्वार्टरात स्वतःची खोली असूनही यांतली कित्येक मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत टेबल घेतात. पालकांना ते कोडं वाटतं. पाळीत आयुष्य काढलेल्या बापाला वाटू नये: शेजारी कुणीतरी मान खाली घालून बसलंय, एवढ्यासाठीच ते पैसे असतात.

आणि तो दुसरा माणूस कधीकधी वीस वर्षांनी येतो. भिलाईचा मुख्य माल म्हणजे रेल्वेचे रूळ. इथे आता १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून २६० मीटरचा केला जातो. मीटरला ६० किलो या हिशेबानं एकेका रुळाचं वजन साडेसात टनांच्या वर. फलाटावर उभं राहून रुळाच्या कुशीत नीट पाहिलं तर उठावाची अक्षरं दिसतात: ‘सेल’, पोलादाची प्रत, महिना, वर्ष. त्याखेरीज तापलेल्या रुळावर ठसा मारून उमटवलेला एक क्रमांक असतो, हीट नंबर. कुठल्या खेपेच्या पोलादातून हा रूळ लाटला, ते त्यावरून कळतं. थंडीत रूळ आखडतात आणि तडे जातात, म्हणून रात्रीचे पेट्रोलमन कंदील घेऊन रूळ तपासत चालतात. हद्दीच्या टोकाला पलीकडचा पेट्रोलमन भेटला की दोघं आपापल्या वह्यांची अदलाबदल करतात. तडा सापडला तर गाड्या थांबतात, रूळ बदलला जातो आणि एक फ्रॅक्चर रिपोर्ट भरला जातो. त्यात जागा, वेळ, तापमान, तड्याचा आकार यांच्याबरोबर रुळावरची खूण आणि हीट नंबर यांचेही रकाने असतात. इगतपुरीच्या घाटात कुणी कीमन बॅटरीच्या उजेडात तो आकडा उतरवून घेतो, तेव्हा तो आकडा ज्यांच्या पाळीत उमटला ती माणसं बहुधा निवृत्त होऊन भिलाईच्या हुडको वसाहतीत किंवा नागपुरात राहायला गेलेली असतात. क्रमांक नीट उमटलेला असला तर चौकशी भिलाईत त्या खेपेच्या नोंदीपर्यंत पोचते; पुसट असला तर रकान्यात ‘वाचता येत नाही’ असं लिहावं लागतं.